खड्गदंतीची साक्ष

"शास्त्रज्ञांचे काही खरे नव्हे! आज एक सांगतात, उद्या त्याच्या उलट सांगतात. मग त्यांच्या कोणत्या बोलण्यावर विश्वास ठेवावा?" अशी तक्रार चारचौघांच्या बोलण्यात वारंवार ऐकू येते. तक्रार करणाऱ्यांजवळ दाखलेही असतात. वडिलांच्या भूगोलाच्या पुस्तकात सूर्याभोवती फिरणारे नऊ ग्रह होते. मुलाच्या पुस्तकात ते आठच आहेत, कारण २००६ साली ज्योतिर्विदांनी प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठवले. जे बापाच्या शाळेत खरे होते आणि लेकाच्या शाळेत खोटे ठरले, त्याला ज्ञान तरी का म्हणावे, असा प्रश्न मग सहजच उभा राहतो.

प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु त्यात एक गफलत आहे. मत बदलणारे सगळे एकाच जातीचे असतात, असे त्यात गृहीत धरले आहे. छपरावरचे वातकुक्कुट दिशा बदलते आणि समुद्रातला नावाडीही दिशा बदलतो. पण एक वारा नेईल तिकडे वळते, तर दुसरा दीपगृहाचा प्रकाश दिसू लागला म्हणून वळतो. शास्त्रज्ञाचे मत बदलणे या दोहोंपैकी कोणत्या जातीचे आहे, हे ठरवायचे तर एखाद्या साक्षीदाराची जबानी ऐकली पाहिजे. असा एक साक्षीदार आहे. तो बोलत नाही. कारण तो हजारो वर्षांपूर्वीच पृथ्वीवरून नाहीसा झाला आहे. मागे उरली आहेत ती त्याची हाडे आणि त्याचे ते जगप्रसिद्ध सुळे. त्याचे शास्त्रीय नाव स्मायलोडॉन. वरच्या जबड्यातून खाली आलेले त्याचे सुळे खड्गाच्या पात्यासारखे लांब, चपटे व किंचित बाकदार असत. म्हणून मराठीत त्याला खड्गदंती म्हणणे शोभून दिसेल.

या प्राण्याची पहिली ओळख जगाला पटली, ती चुकीच्या नावाने. पीटर विल्हेल्म लुंड हे डेन्मार्कचे निसर्गसंशोधक ब्राझील देशात लागोआ सांता नावाच्या लहानशा गावी जाऊन राहिले होते. त्या गावाच्या आसपास चुनखडीच्या पुष्कळ गुहा आहेत. १८३० नंतरच्या दशकात लुंड आणि त्यांचे सहकारी या अंधाऱ्या गुहांत उतरत, तळाची माती उकरत आणि प्राचीन प्राण्यांची हाडे गोळा करत. अशी हजारो हाडे त्यांनी जमवली. त्यांत काही सुटे दात त्यांना आढळले. ते सुळे नव्हते; गालाच्या बाजूचे दात होते. त्यांची ठेवण पाहून हे दात तरसाचे असावेत, असे लुंड यांनी ठरवले आणि १८३९ साली 'नव्या जगातील तरस' अशा अर्थाचे नाव त्या प्राण्याला दिले.

पुढे त्याच गुहांतून आणखी अवशेष हाती आले. त्यांत लांब सुळे होते आणि पायाची हाडेही होती. लुंड यांनी हे नवे अवशेष जुन्या दातांशेजारी मांडून पाहिले, तेव्हा आपला पहिला निर्णय टिकत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. प्राणी तरसाच्या कुळातला नव्हता. तो मार्जारकुळातला, म्हणजे मांजर, वाघ, सिंह यांच्या मोठ्या कुळातला होता. लुंड यांनी स्वतःच दिलेले नाव मागे घेतले आणि १८४२ साली त्याला 'स्मायलोडॉन पॉप्युलेटर' हे नवे नाव दिले. या नावातील पहिल्या शब्दाचा अर्थ कोरणीसारखे किंवा सुरीसारखे धारदार दात असलेला आणि दुसऱ्याचा अर्थ विध्वंस करणारा असा होतो. पहिले मत छापून प्रसिद्ध झाले होते. युरोपातील विद्वानांच्या हाती ते गेले होते. तरीही अवघ्या तीन वर्षांत लुंड यांनी ते बदलले. हट्टाने आणखी काही दात शोधून तरसाचीच बाजू मांडत राहणे त्यांना अशक्य नव्हते. पण हाडांचे म्हणणे त्यांनी आपल्या म्हणण्यापेक्षा मोठे मानले. पहिले मत चार-दोन दातांवर उभे होते आणि दुसरे त्याहून कितीतरी अधिक पुराव्यावर. अशा वेळी न बदलणे हाच खरा दोष ठरला असता.

खड्गदंतीच्या हाडांची सर्वांत मोठी खाण मात्र ब्राझीलच्या गुहांत नव्हे, तर उत्तर अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या लॉस एंजलिस शहरात आहे. तेथे रांचो ला ब्रेआ नावाच्या जागी जमिनीच्या पोटातले खनिज तेल भेगांतून वर झिरपते. त्यातील हलका भाग हवेत उडून जातो आणि काळे, चिकट डांबर मागे राहते. या डांबरावर धूळ आणि पालापाचोळा साचला की ते दिसेनासे होते. उन्हाने मऊ झालेल्या या डांबराचा काही सेंटिमीटर जाडीचा थरही एखाद्या मोठ्या जनावराचे पाय धरून ठेवण्यास पुरतो. डांबरात रुतलेल्या प्राण्याचे मांस कुजून जाते, पण हाडे डांबर शोषून घेतात आणि टिकतात. त्यांचा रंग तेवढा तपकिरी होतो.

या जागेतून हाडे निघतात, हे लोकांना पूर्वीपासून ठाऊक होते. घराच्या छपरांसाठी डांबर नेणारे लोक ती रोज पाहत असत. परंतु डांबरात अडकलेल्या गुराढोरांचीच ती हाडे असणार, असे समजून कोणी तिकडे लक्ष देत नसे. १८७५ च्या सुमारास त्या जमिनीचे मालक हेन्री हॅनकॉक यांनी विल्यम डेंटन या अभ्यासकाला तेथे मिळालेला एक लांब सुळा दिला. हा सुळा गुराचा खासच नव्हे, हे डेंटन यांनी ओळखले. परंतु त्यांच्या सांगण्याकडे जगाने पाव शतक कानाडोळा केला. १९०१ साली तेलाच्या शोधात आलेले भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ऑर्कट यांना तीच हाडे पुन्हा दिसली आणि मग विद्वानांची वर्दळ सुरू झाली. १९१३ ते १९१५ या अवघ्या दोन वर्षांत तेथील वस्तुसंग्रहालयाने साडेसात लाखांहून अधिक हाडे उकरून काढली. आज ला ब्रेआ येथील संग्रहात पस्तीस लाखांहून अधिक अवशेष आहेत. त्यांत खड्गदंती प्राणी किती असावेत? दोन हजारांहून अधिक! जगात दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी हा प्राणी एवढ्या संख्येने सापडलेला नाही.

या हाडांनी संशोधकांपुढे प्रथम एक कोडे टाकले. कोणत्याही अरण्यात हरणे, गवे, रानडुकरे असे चरणारे प्राणी पुष्कळ आणि त्यांची शिकार करणारे वाघ-बिबटे थोडे असतात. ला ब्रेआला हिशेब नेमका उलटा निघाला. तेथे सापडलेल्या सस्तन प्राण्यांपैकी दहात नऊ मांसाहारी होते. निसर्गाचा नियम त्या जागी मोडला होता की काय? उत्तर असे मिळाले. एखादा रानबैल किंवा घोडा डांबरात रुतला की त्याची धडपड आणि हंबरणे ऐकून शिकारी प्राणी धावून येत. आयती शिकार पाहून त्यांनी झडप घातली की तेही रुतत. त्यांचे मांस खाण्यास आणखी कोणी येत, तेही अडकत. असा एका भक्ष्यामागे अनेक भक्षकांचा अंत होई. हे रोज घडत असेल, असे मात्र समजू नये. दहा वर्षांतून एकदा दहाएक जनावरे अडकली, तरी तीस हजार वर्षांत तीस हजार जनावरांची हाडे जमतात. मग एवढा मोठा ढीग पाहून आश्चर्य वाटण्याचे कारण उरत नाही. जे कोडे नियमाविरुद्ध वाटत होते, ते असे साध्या गणिताने सुटले.

आता खड्गदंतीच्या नावाची आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लोकांनी त्याला 'तलवारीच्या दातांचा वाघ' म्हणण्याचा प्रघात पाडला आणि चित्रकारांनी त्याच्या अंगावर वाघाचे पट्टेही रंगवले. पण हाडे काय सांगतात? त्याची शेपटी आखूड होती. पुढचे पाय विलक्षण जाड व बळकट होते. लांब पाठलाग करण्याजोगी त्याची अंगलट नव्हती. उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या खड्गदंतीचे वजन सुमारे १६० ते २८० किलोग्रॅम असावे. ब्राझीलमधील त्याचा भाऊबंद तर ४०० किलोग्रॅमपर्यंत भरत असे आणि त्याचा सुळा मुळासकट मोजला तर २८ सेंटिमीटर होई. दक्षिण चिली देशात मिळालेल्या हाडांत आनुवंशिक द्रव्याचे काही अंश टिकून राहिले होते. २०१७ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा कळले की खड्गदंतीची शाखा आजच्या सर्व मार्जारांच्या शाखेपासून सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. म्हणजे घरातली मनीमाऊ वाघाची जितकी जवळची नातलग आहे, तितकाही हा प्राणी वाघाच्या जवळचा नव्हता! 'वाघ' ही त्याला लोकांनी दिलेली पदवी होती; शास्त्राने ती काढून घेतली.

त्या भयंकर सुळ्यांचा उपयोग तो कसा करत असे, याविषयीही मते पालटत गेली. असे सुळे असलेला प्राणी जबड्याच्या जोरावर भक्ष्याची हाडे कडकड मोडत असेल, असे कोणालाही वाटेल. २००७ साली काही संशोधकांनी त्याच्या कवटीची गणकयंत्रावर प्रतिकृती तयार करून तिच्यावर पडणारा ताण मोजला. निष्कर्ष अनपेक्षित होता. खड्गदंतीच्या चाव्याचा जोर सिंहाच्या चाव्याच्या केवळ एक-तृतीयांश इतकाच असावा! शिवाय त्याचे सुळे पातळ होते; धडपडणाऱ्या भक्ष्याच्या हाडावर ते आडवे आपटले असते, तर तुटण्याचा धोका होता. म्हणून आता असे मानले जाते की तो प्रथम आपल्या दणकट पुढच्या पायांनी भक्ष्याला जमिनीवर दाबून धरी, त्याची हालचाल थांबली की प्रचंड जबडा उघडी आणि मानेच्या मऊ भागात सुळे खुपसून क्षणात त्याचा प्राण घेई. साऱ्या जगाने ज्या सुळ्यांचे कौतुक केले, त्यांचा धाक खरा तर त्या पायांच्या बळावर टिकून होता. तलवार पाहणाऱ्याला ती चालवणारा हात दिसला नाही, त्यातलाच हा प्रकार!

याहून हृदयाला भिडणारी हकीकत आहे ती एका लंगड्या खड्गदंतीची. ला ब्रेआच्या संग्रहात एका प्राण्याचे कमरेचे हाड आहे आणि त्याच्या मांडीचेही हाड आहे. दोन्ही वेडीवाकडी झालेली आहेत. शिकारीत या प्राण्याला जबर दुखापत झाली, जखम चिघळली आणि हाड असे झाले, असा समज पुष्कळ वर्षे रूढ होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या हाडांच्या अंतर्भागाची क्ष-किरणांच्या साहाय्याने बारकाईने तपासणी केली गेली. तेव्हा दिसले की खुब्याची खोबणच मुळात नीट घडलेली नव्हती. हे व्यंग जखमेमुळे आलेले नव्हते. तो प्राणी पिल्लू असल्यापासूनच त्याच्या सोबतीला होते. आजही काही कुत्र्यांत आणि माणसांच्या मुलांत असे व्यंग आढळते. ज्याला धड उडी घेता येत नाही, अशा शिकाऱ्याने खरे म्हणजे लहानपणीच उपासमारीने मरायला हवे होते. पण हा प्राणी वाढून प्रौढ झाला. मग त्याला अन्न कोणी दिले? खड्गदंती प्राणी कुटुंबाने किंवा कळपाने राहत असावेत आणि दुबळ्यालाही शिकारीतला वाटा मिळत असावा, असे काही संशोधकांना या हाडावरून वाटते. हे अजून पूर्णपणे सिद्ध झालेले नाही. आणि ते तसे स्पष्ट सांगण्यातच शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे. तथापि ज्याला 'विध्वंसक' हे नाव मिळाले, त्याच्या जातीत एक लंगडा जीव वर्षानुवर्षे जगला, एवढे मात्र त्या वाकड्या हाडाने निर्विवाद सांगितले आहे.

येथे आणखी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. मते बदलण्यास नवा पुरावा लागतो. तो येतो कोठून? पुष्कळदा तो आधीच्या लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंतून येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी ला ब्रेआ येथे खोदणाऱ्यांचे डोळे मोठ्या हाडांवर खिळलेले होते. अखंड कवट्या, लांब सुळे, मॅमथ हत्तींचे दात हाती लागले की ते जपून ठेवायचे. उंदरांची हाडे, शिंपले, किड्यांचे पंख, झाडांच्या बिया यांच्याकडे फारसे पाहायचे नाही, अशी तेव्हाची रीत होती. १९६९ साली क्रमांक ९१ चा जुना खड्डा पुन्हा उघडण्यात आला, तो मुख्यतः या बारीकसारीक अवशेषांसाठी. २००६ साली शेजारी वाहनतळासाठी जमीन खोदताना आणखी हाडांचे साठे लागले. त्या वेळी घाईने उकरण्याऐवजी माती व डांबर यांसह ते साठे तेवीस मोठ्या लाकडी पेट्यांत भरून ठेवण्यात आले आणि तेव्हापासून एकेक कण तपासण्याचे काम चालू झाले. एक बी त्या काळी कोणती झाडे होती ते सांगते. एक किडा हवा उष्ण होती की थंड ते सांगतो. सुळा कितीही मोठा असला, तरी त्याला ही माहिती नसते.

खड्गदंती नाहीसा का झाला, या सर्वांत कठीण प्रश्नाचे उत्तरही असेच बारीक वस्तूंच्या मदतीने उलगडत आहे. हिमयुग संपले आणि हवामान पालटले, म्हणून तो नष्ट झाला, असे काहींचे मत होते. माणसाने मोठमोठे प्राणी मारून संपवले, म्हणून त्यांच्यावर जगणारा खड्गदंतीही संपला, असे दुसरे म्हणत. २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यासाठी संशोधकांनी ला ब्रेआ येथील आठ जातींच्या प्राण्यांच्या दीडशेहून अधिक हाडांचे वय मोजले. त्याच्या जोडीला त्यांनी त्याच प्रदेशातील एका सरोवराच्या तळाचा गाळ तपासला. त्या गाळात कोळशाचे सूक्ष्म कण होते. रानाला वणवा लागला की असे कण उडून पाण्यात पडतात आणि तळाशी बसतात. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर असे दिसले की सुमारे १३,००० वर्षांपूर्वी त्या प्रदेशात हवा तापत व कोरडी होत होती, माणसांची वस्ती वाढत होती, वणवे एकाएकी फार वाढले होते आणि त्याच सुमारास मोठे प्राणी दिसेनासे झाले. म्हणजे कारण एकच नव्हते. निसर्गाने रान सुकवले आणि माणसाच्या हातून त्यात ठिणगी पडली, असा तो दुहेरी घाव असावा. तपासलेल्या आठ जातींपैकी सात जाती नामशेष झाल्या. टिकून राहिला तो कोयोटी, कोल्ह्याहून थोडा मोठा असा एक साधा प्राणी! मिळेल ते खाणारा आणि कोठेही राहणारा कोयोटी आजही कॅलिफोर्नियात हिंडतो. दातांत खड्ग बाळगणारा मात्र तेथे डांबराखाली सापडतो. ज्या रानावर आणि ज्या भक्ष्यावर जीवन अवलंबून असते, तेच गेले म्हणजे शस्त्र कितीही तीक्ष्ण असले तरी कामी येत नाही. वाघ-सिंहांचे रक्षण करायचे म्हणजे त्यांचे रान राखायचे, हे ज्यांना पटत नाही, त्यांनी ही साक्ष अवश्य ऐकावी.

पुरावा हाती आला तरी त्याच्या मर्यादा ओळखाव्या लागतात, हे एका अलीकडच्या उदाहरणावरून कळेल. २०२० साली सायबेरियात याकुतिया प्रांतातील एका नदीकाठी गोठलेल्या मातीत एक पिल्लू सापडले. ते जवळजवळ ३५,००० वर्षांपूर्वीचे असूनही त्याचे डोके, पुढचे पाय आणि अंगावरची गर्द तपकिरी लव जशीच्या तशी होती. ते खड्गदंतीच्या नात्यातील, होमोथेरियम नावाच्या प्राण्याचे पिल्लू होते. मृत्यूच्या वेळी त्याचे वय अवघे तीन आठवड्यांचे असावे. २०२४ साली ही माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा असे लांब सुळे असणाऱ्या प्राण्यांच्या कुळातील एका जीवाचा खरा रंग माणसांना प्रथमच पाहता आला. परंतु यावरून स्मायलोडॉनही तपकिरीच होता, असे म्हणता येणार नाही. कारण हा दुसऱ्या जातीचा प्राणी आणि त्यातही तान्हे पिल्लू. सिंहाच्या बछड्याच्या अंगावर ठिपके असतात, ते मोठेपणी पुसट होतात, हे सर्वांना माहीत आहे. जेवढा पुरावा तेवढेच विधान करावे, हा धडा मत बदलण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

आता मूळच्या तक्रारीकडे वळावे. खड्गदंतीविषयीची मते किती वेळा बदलली? तो तरस होता, मग मार्जार झाला. वाघ होता, मग वाघाचा दूरचा नातलग ठरला. चाव्याचा बळी घेणारा म्हणून ख्याती होती, ती पायांच्या बळाकडे गेली. जखमी म्हणून ओळखलेला प्राणी जन्माचा लंगडा निघाला. परंतु या सर्व बदलांत न बदललेले काय, हेही पाहिले पाहिजे. हाडे तीच आहेत. लुंड यांना गुहेत मिळालेले दात तेच आहेत. सुळ्यांची लांबी जी होती तीच आहे. खड्गदंती नावाचा एक बलाढ्य प्राणी अमेरिकेत होता आणि तो नामशेष झाला, हे कोणत्याही नव्या शोधाने खोटे ठरवलेले नाही. बदलले ते हाडांवरून काढलेले अनुमान. आणि प्रत्येक बदलाने माणूस सत्यापासून दूर न जाता त्याच्या एक पाऊल जवळच गेला. प्लूटोचेही तसेच आहे. तो आकाशात आपल्या जागी फिरतोच आहे. बदलली ती त्याला कोणत्या पंक्तीत बसवावे याविषयीची समज.

याचा अर्थ कोणीही, केव्हाही, कसेही मत बदलावे असा मुळीच नव्हे. चार लोक हसले म्हणून, बलवानाने दटावले म्हणून किंवा त्यात आपला लाभ आहे म्हणून जो मत बदलतो, तो वातकुक्कुटाचाच भाऊ होय. मत बदलण्याचा अधिकार पुराव्यालाच असतो. आणि जो माणूस पुरावा समोर आल्यावरही 'एकदा बोललो ते बोललो' असे म्हणून अडून बसतो, त्याला लोक कदाचित बाणेदार म्हणतील. परंतु डांबरात पाय रुतलेले जनावरही जागचे हलत नाही, म्हणून कोणी त्याला निश्चयी म्हणत नाही.

वर्गात गणित चुकले की पाटीवरचे उत्तर पुसून नवे लिहिण्याची लाज पुष्कळ मुलांना वाटते. ती वाटू नये. लुंड यांनी तरसाचे नाव पुसले, म्हणून ते लहान ठरले नाहीत. खड्गदंतीला त्याचे खरे कूळ मिळवून देणारे पहिले संशोधक म्हणून आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते. पुढे एखादे नवे हाड सापडेल, एखादी नवी बी डांबरातून निघेल आणि आज पुस्तकात छापलेली यांपैकी एखादी गोष्ट तेव्हा पुन्हा बदलावी लागेल. त्या दिवशी "शास्त्रज्ञांचे काही खरे नव्हे" असे म्हणण्याऐवजी "कोणता नवा पुरावा मिळाला?" असे जो विचारील, त्यालाच या मुक्या साक्षीदाराची भाषा कळली, असे समजावे.